न म्हटलेली उतरवण

वाकसईच्या झुंबरबाईचं नाव कुठल्याच तबकडीवर नाही. आवाज मात्र आहे. त्या तबकडीच्या पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत ‘कुमारी वासंती, लोणावळे’ असं छापलेलं होतं, आणि मागच्या बाजूला नुसतं ‘रुखवत – मावळातील बायका’. बायका म्हणजे एकटी झुंबरबाई. मागच्या बाजूच्या गाण्यात मात्र एक नाव पुन्हापुन्हा खणखणीत ऐकू येई, आणि ते नाव जिचं होतं तिनं जन्मात कधी चार माणसांत गाणं म्हटलं नव्हतं.

झुंबरबाई लोणावळ्याच्या बंगल्यांतून भात कांडायला जाई. उखळात मुसळ पडायचं आणि त्यावर तिचा आवाज चढायचा. सवाष्ण बाई, काळीसावळी, रुंद हाडाची. नवरा दत्तोबा दोन खाचरं करायचा आणि कमी बोलायचा. घरातलं बोलणं सगळं झुंबरबाईच्या वाट्याला आलं होतं. वाकसईपासून मळवलीपर्यंत कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं, की रुखवत म्हणायला तिला बोलावणं असे.

आमच्याकडे मुलीकडच्या बायका लाडू-करंज्यांच्या पराती डोक्यावर घेऊन जानवसघरी जातात आणि विहिणीला पाटावर बसवून तिची गाण्यातून टर उडवतात. कडवी ठरलेली असतात; फक्त नावाची जागा रिकामी. ज्या गावची विहीण असेल ते गाव आणि तिचं नाव त्या जागी बसवायचं. विहीण खादाड, विहीण आळशी, विहीण ओच्यात लाडू बांधून पळणारी. दर लग्नात तेच लाडू आणि तोच ओचा. शेवटी येते उतरवण. गाणारी बाई विहिणीपुढं बसते, शेवटचं कडवं म्हणते आणि तिच्या तोंडात साखर घालते. मग सगळं बोललेलं उतरलं. उतरवण म्हटल्याशिवाय विहीण पाटावरून उठत नाही आणि गाणारी पाणी पीत नाही.

झुंबरबाईची उतरवण अशी असे:

बोललं ते वाऱ्याचं, वाऱ्यासंगं जाऊ दे,
साखरेचा घास माझ्या इहिणीला खाऊ दे.

हे म्हणताना तिचा आवाज खाली येई, मुसळ थांबवताना हात खाली येतात तसा. खट्याळ कडव्यांना हसलेल्या बायकाही या ओळींना गप्प होत.

तिची एकुलती एक मुलगी ठकू. ती कामशेतजवळच्या नाण्याला दिली. सासरा हौशीराम, सासू रतनबाई, नवरा बजरंग. मुलगा कामाला वाघ, घर खाऊनपिऊन बरं. लग्न वाकसईला झालं आणि रुखवत घेऊन अर्थात झुंबरबाईच गेली. स्वतःच्या मुलीच्या लग्नात स्वतःच्याच विहिणीला बोलायचं, म्हणून त्या दिवशी तिला जरा जास्तच स्फुरण चढलं होतं. पण परात खाली ठेवली तोच रतनबाईनं वाकून एक लाडू उचलला, तळहातावर फिरवला आणि चारचौघींत म्हणाली, “परात ही येवढी, आन् लाडू बारकं. वाकसईची मूठ लहान दिसती बाई!”

दोन्हीकडच्या बायका हसल्या. झुंबरबाईही हसली. थट्टेला थट्टा, त्यात काय. तिनं गाणं म्हटलं, रतनबाईला लाडूचोर केलं, सगळ्यांना पोट धरून हसवलं. मग उतरवण म्हणून साखर भरवली. रतनबाईनं साखर खाल्ली, पाटावरून उठली. सगळं रीतसर झालं. पण आंबेमोहराचा तांदूळ विकून, घरात गूळ पुरवून पुरवून केलेले ते लाडू होते. रात्री परात घासताना झुंबरबाईच्या हाताला तो शब्द लागला. परात चकचकीत झाली तरी ती घासतच राहिली.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. गंगाधरपंत नावाच्या वकिलांचा लोणावळ्यात बंगला होता. त्यांची मुलगी वासंती भावगीतं म्हणायची. मुंबईच्या कुठल्याशा लहान कंपनीची माणसं आपली यंत्रं घेऊन तिचं गाणं उतरवायला बंगल्यावरच आली. आवाज घुमू नये म्हणून दिवाणखान्याच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. त्यातल्या दोन झुंबरबाईनंच घरून आणून दिल्या होत्या. चांदण्यावरचं एक गाणं वासंतीनं छान म्हटलं. दुसऱ्याला तिचा घसा बसला. तीनदा म्हटलं, तीनदा मेणाची चकती वाया गेली. कोटवाला माणूस, जो यंत्रापाशी बसे, कपाळाला हात लावून म्हणाला, “चकती एकच राहिली. आता मागची बाजू काय कोरी ठेवायची?”

मागच्या अंगणात कांडण चाललं होतं. खिडकीतून आवाज आत येत होता. गंगाधरपंत म्हणाले, “ही बाई घ्या. मागच्या बाजूला कोण काय ऐकतंय?”

झुंबरबाईला कोंडा झटकत आत आणलं. हातपाय धुवायलाही वेळ दिला नाही. समोर एका खांबावर लोखंडी डबी बसवलेली होती. कोटवाल्यानं समजावलं, “बाई, या डबीकडं तोंड करून म्हणायचं. यात तीन मिनिटं मावतात. मी हात वर केला की शेवटचं कडवं सुरू करायचं. हात खाली केला की संपलं. कळलं?”

“कळलं की. पर इहीण कोन?”

“कसली विहीण?”

“नाव कुनाचं घ्यायचं? नाव नसलं तर गानं चालतंय व्हय?”

“घ्या कुणाचंही. सीता म्हणा, गंगा म्हणा.”

कोटवाल्याला ती साधी गोष्ट वाटली. झुंबरबाईनं क्षणभर डोळे मिटले. सीता आली, गंगाही आली असती. पण ओठावर जे आलं ते गोड लागलं, आणि त्या गोडीतच तिनं सुरुवात केली.

नाण्याची रतनबाई पंगतीला बसली,
भाताची रास तिला शितभर दिसली!

दारात बंगल्यातल्या मोलकरणी, स्वयंपाकीण, माळ्याची बायको दाटीवाटीनं उभ्या होत्या. आवाज करायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून त्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. वासंतीही हसली.

नाण्याची रतनबाई हात धुवून उठली,
ओच्याची गाठ तिची लाडवानं फुटली!

अशी कडव्यावर कडवी चालली. मग कोटवाल्यानं हात वर केला.

झुंबरबाईला हात दिसला. स्पष्ट दिसला. गोधड्यांच्या त्या अंधारात त्याचा पांढरा कफ दिव्यासारखा चमकला. तिनं श्वास घेतला. पुढचा शब्द ‘बोललं’ हा होता आणि तो जिभेवर तयार होता. पण दारातल्या बायकांचे खांदे गदगदत होते, आणि पळणाऱ्या विहिणीचं कडवं, जे सगळ्यांत जास्त हसवतं, ते अजून राहिलं होतं. तिला हसू फुटलं. बारीकसंच, नाकातून आलेलं. आणि तिनं ते कडवं घेतलं.

नाण्याची रतनबाई वाटेनं पळती,
एकेक लाडू तिच्या ओच्यातून गळती!

कोटवाल्याचा हात खाली आला. यंत्र थांबलं. झुंबरबाई उतरवणीसाठी तोंड उघडून तशीच राहिली.

“बस, बस. झालं.”

“न्हाई झालं. ऱ्हायलं की. उतरवण ऱ्हायली.”

“जागा संपली, बाई.”

तिनं घरधनिणीकडं चिमूटभर साखर मागितली. मिळाली. पण ती भरवायची कुणाला? तिनं ती उखळापाशी मुंग्यांना टाकली आणि अर्धं राहिलेलं भात कांडायला घेतलं. रतनबाई तर तिकडं नाण्याला. तिला काय कळणार, असं म्हणून मुसळ उचललं. त्या दिवशी मुसळावर तिनं गाणं म्हटलं नाही.

तबकडी उन्हाळ्यात आली. पुढच्या बाजूचं चांदणं पुण्यामुंबईत कुणी ऐकलं की नाही देव जाणे. मावळात मात्र नाही ऐकलं. मागच्या बाजूची तर मावळाबाहेर कुणाला खबरही नव्हती. पण लोणावळा, कामशेत, वडगाव इथल्या हॉटेलांत ती मागची बाजू दिवसभर वाजू लागली. आपल्या बोलीतलं, आपल्या मांडवातलं गाणं त्या कर्ण्यातून येतंय याचंच लोकांना नवल. दत्तोबाला कुणीतरी सांगितलं, “तुझी कारभारीण कामशेतात अंबाजीच्या हॉटेलात गाती रं!” तो घाबरला, मग सगळं कळल्यावर लाजून हसला. बाजारच्या दिवशी दोघं ऐकायला गेली.

बायकांनी हॉटेलात जायचं नसे. झुंबरबाई दाराबाहेर खांबाआड उभी राहिली. अंबाजीनं चावी दिली, सुई टेकवली. खरखर झाली आणि आतून ती स्वतः गाऊ लागली. स्वतःचा आवाज असा लांबून तिनं कधी ऐकला नव्हता. नदीच्या पलीकडच्या थडीवरून आपणच आपल्याला हाका मारतोय असं तिला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलातली माणसं मांड्या थापटत होती. कोपऱ्यातल्या बाकावर पागोटं घातलेला एक म्हातारासा माणूस पाठमोरा बसला होता, बशीतला चहा फुंकत. तो हसत नव्हता.

शेवटच्या कडव्याआधी एक थांबा आला आणि त्यात ते हसू. बारीक, नाकातलं.  हसू इतकं ऐकू येतं हे झुंबरबाईला माहीत नव्हतं.

‘लाडू तिच्या ओच्यातून गळती’ झालं आणि कोपऱ्यातल्या पागोट्याशेजारचा गडी ओरडला, “काय हौशीरामभाऊ, घरी ग्येलं की वाटंनं बघा हां, एकांदा लाडू घावल!”

हॉटेल हसण्यानं फुटलं. पागोटंवाल्यानं बशी खाली ठेवली. चहा तसाच. तो उठला, वळला, आणि दाराबाहेर पडताना त्याला खांबाआडची झुंबरबाई दिसली. तिचा व्याही. त्यानं रागावून पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं फक्त पागोटं सारखं केलं, “राम राम, इहीणबाई,” म्हणाला, आणि नाण्याच्या वाटेला लागला.

ठकू तेव्हा पोटुशी होती. श्रावणाच्या तोंडाला पहिल्या बाळंतपणासाठी ती वाकसईला आली. बजरंगनं गाडीतून आणून सोडली, पण ओसरीवर बसला नाही. बैल सोडलेही नाहीत. ठकू दोन दिवस आईशी बोलेना. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्याबसल्या म्हणाली, “आय, दुसरं कंचंबी नाव न्हवतं का गं?”

“तोंडात आलं, पोरी. लग्नात म्हनलं व्हतं, त्येच आलं.”

“ओच्यातला लाडू का घेतलास?”

“आगं, समद्याच इहिणींना त्योच लाडू असतोय!”

ठकूनं विस्तवाकडं बघत सांगितलं. मानमोडीच्या साथीच्या साली रतनबाई नवी सून होती. घरात सासरा, दीर तापानं पडलेले. शेतात पीक नाही. शेजारगावच्या एका लग्नात तिनं पंगतीतून उठताना घरच्या आजाऱ्यांसाठी खरंच ओच्यात बुंदी बांधली. मांडवाच्या दारात कुणी तरी गाठ सोडून दाखवली. दीर वाचला नाही. पुढं वीस वर्षांत गावानं ती गोष्ट तोंडातून काढली नव्हती. मरणाच्या सालातली गोष्ट, कोण काढतो? आता तबकडी आली आणि गावाला आठवलं. पोरं विहिरीवर ओरडतात. रतनबाई कामशेतच्या बाजाराला जात नाही. पंगतीला जात नाही. घरातही ती लुगड्याचा ओचा इतका आवळून खोवते, की ठकूला बघवत नाही.

 झुंबरबाईला हे ठाऊक नव्हतं, देवाशपथ ठाऊक नव्हतं. पण ती शपथ तिनं मोठ्यानं घेतली नाही, कारण तिच्या आड एक दुसरी गोष्ट उभी होती, जी तिला ठाऊक होती. वर उठलेला हात तिला दिसला होता.

ठकूला मुलगा झाला. नाण्याला निरोप गेला. बाराव्याला पाळणा टांगला, घुगऱ्या शिजवल्या, बायका जमल्या. आत्या यायची, कानात नाव सांगायची. कुणी आलं नाही. नाव न ठेवता पाळणा हलवला. सव्वा महिना झाला. भात निसवलं, पिवळं पडलं. न्यायला कुणी आलं नाही. येणारे-जाणारे विचारत, “ठकू अजून हितंच?” आणि उत्तर ऐकायला थांबत नसत. पोराला घरात नुसतं ‘बाळ्या’ म्हणत. ठकूनं बोलणं सोडलं. ती आईला कामात मदत करी, आईच्या हातचं जेवी, आणि आई जवळ बसली की पोराला घेऊन उठून जाई.

झुंबरबाई लोणावळ्याला बंगल्यावर गेली. गंगाधरपंतांपुढं उभी राहून म्हणाली, “आबा, त्यात माझी उतरवण घाला. मी हितं बसून म्हनते.”

गंगाधरपंत हसले. “अगं, ते मेण केव्हाच वितळलं. साचा मुंबईला. त्यात आता मुंगीला शिरायला जागा नाही.”

आतल्या दारात वासंती उभी होती. मान वळवून ती म्हणाली, “सगळे तुझीच बाजू लावतात म्हणे.” एवढंच बोलून ती आत गेली. झुंबरबाईला वाटलं, आपण इथूनही काही तरी ओच्यात बांधून नेलं आहे.

मग ती अंबाजीकडं गेली. “भाऊ, ती लावू नगा.”

“मावशी, पुढची बाजू लावली की गिऱ्हाईक उठून जातंय. चांदनं पिऊन कुनाचं पोट भरतंय? आन् माझी थांबवशील; वडगावची कशी थांबवशील, लोनावळ्याची कशी?”

खरं होतं. ओढ्याला पाट काढावा तसं ते झालं होतं. आता पाणी तिच्या हातात नव्हतं.

शेवटी तिनं दत्तोबाला नाण्याला धाडलं. तो संध्याकाळी परत आला, पायताण काढलं, पाण्याचा तांब्या घेऊन बसला.

“काय म्हनलं इवाई?”

“त्यो काय म्हननार. म्हनला, बायकांची गोष्ट हाय, बायकांनी बघावी. आतून तिनं सांगितलं.” दत्तोबानं घोट घेतला. “म्हनली, जितं बोललं तितं उतरवा. माझ्या वसरीवर गुपचूप साखर चारून भागायचं न्हाई. कामशेतच्या बाजारात बोललं, बाजारातच उतरवा. मग सून-नातू घिऊन जाईन.”

झुंबरबाई म्हणाली, “जाते.”

“जाती म्हंजी? भर बाजारात गानार? माझी बायकू काय तमाशात हाय?”

“तितं तर मी रोजच गाती हाय. तुमाला आता दिसतंय व्हय?”

दत्तोबा उठून बाहेर गेला. पुढच्या बाजाराला मात्र गाडी त्यानंच जुंपली.

दिवाळी झाली होती. कामशेतात नव्या भाताची पोती उतरत होती, स्टेशनापासून पेठेपर्यंत गाड्यांची रांग. अंबाजीच्या हॉटेलासमोर नाण्याची गाडी उभी होती. तिच्यात मागं रतनबाई बसलेली. डोक्यावरून पदर, ओचा घट्ट, हात मांडीवर. जुवाजवळ हौशीराम आणि बजरंग. दत्तोबानं आपली गाडी थोडी अलीकडं लावली, आणि तो समोरच्या दोरखंडवाल्याच्या दुकानात जाऊन हॉटेलाकडं पाठ करून बसला. शेवटपर्यंत तो वळला नाही. ठकू पोराला घेऊन आईच्या मागं उभी राहिली.

“लावा, भाऊ,” झुंबरबाई अंबाजीला म्हणाली.

अंबाजीला मजा वाटली. त्यानं कर्णा दाराकडं फिरवला. खरखर झाली आणि बाजार वळला. नाण्याची रतनबाई पंगतीला बसली. नाण्याची रतनबाई हात धुवून उठली. ती खरी रतनबाई समोर गाडीत बसलेली आहे हे हळूहळू लोकांना कळलं. एकमेकांना कोपरखळ्या बसू लागल्या. झुंबरबाई भर उन्हात, कर्णा आणि गाडी यांच्या मधे उभी. आपल्याच तोंडून ते सगळं बाहेर पडताना ती ऐकत होती आणि तोंड मिटलेलं होतं. मग तो थांबा आला. मग ते हसू. तिनं मान खाली घातली. लाडू गळले. लोक हसले. सुई खरखरत फिरू लागली.

त्या खरखरीवरच तिनं उतरवण धरली.  बाजारात गाणाऱ्या बाईला जी हाळी मिळते ती मिळाली; कुणी शीळ घातली, कुणी म्हणालं, “वा, आज जितीजागती!” तिनं पुन्हा सुरुवात केली. ‘बोललं ते वाऱ्याचं, वाऱ्यासंगं जाऊ दे.’ आवाज बारीक निघाला. कर्ण्यातल्या आवाजापुढं तो म्हातारा वाटला. जवळच्यांनी ऐकलं, लांबच्यांपर्यंत पोचलाच नाही. ती गाडीपाशी गेली आणि साखरेची मूठ रतनबाईच्या तोंडापुढं धरली.

रतनबाईनं तोंड उघडलं नाही. हळू, तिच्यापुरतंच बोलली.

“शेवटल्या कडव्याच्या आदी थांबला व्हता तुमी.”

“व्हय.”

“हसला.”

“व्हय.”

“येळ संपत आली त्ये ठावं व्हतं?”

झुंबरबाईनं वर पाहिलं. ‘तोंडात आलं’ हे शब्द तिनं इतक्यांदा वापरले होते की ते झिजून गुळगुळीत झाले होते. आताही ते आपोआप आले असते. “ठावं व्हतं,” ती म्हणाली. “त्यानं हात वर केलता. मला दिसला.”

“मग?”

“तुमी म्हनला व्हता, वाकसईची मूठ लहान.”

रतनबाईनं तोंडापुढच्या त्या मुठीकडं पाहिलं. उन्हात साखर घामानं ओली होऊन बोटांना चिकटली होती.

“लहानच हाय की,” ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

झुंबरबाईनं साखर घातली. थोडी ओठांवर राहिली, थोडी लुगड्यावर सांडली. रतनबाईनं ती पुसली नाही. “चल गं,” तिनं ठकूला हाक मारली. ठकू गाडीत चढली. बजरंगनं पोराला हातात घेऊन पाहिलं, पहिल्यांदाच, आणि परत तिच्याकडं दिलं. हौशीरामानं कासरा ओढला.

तेवढ्यात हॉटेलातून कुणी ओरडलं, “अंबाजी, पुन्यांदा हूं दे!” अंबाजीनं सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली. नाण्याची रतनबाई पंगतीला बसली. गाडी पेठेतून हळू चालली होती, गर्दीमुळे वेग घेता येईना. झुंबरबाई हातात उरलेली साखर घेऊन बघत राहिली. रतनबाई ताठ बसलेली होती. तिच्याशेजारी ठकूनं आईकडं एकदाही वळून पाहिलं नाही. तिनं फक्त पोराचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या कानावर तळवा ठेवला.

रुखवत म्हणायला झुंबरबाई पुढं कधी गेली नाही. बोलावणी आली की म्हणे, घसा गेला. मुसळही पुढं नुसतंच पडत राहिलं. नातवाचं नाव नाण्यालाच ठेवलं, गेणू. तिला ते मागाहून कळलं. सणावाराला ती नाण्याला जाई, रतनबाई चहा देई, दोघी निवडाटिपायला बसत. ओच्याचा किंवा तबकडीचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

लढाईच्या दिवसांत, तबकड्या जिच्या करतात ती लाख मिळेनाशी झाली. नवी तबकडी हवी असेल तर जुनी परत करायची, असा नियम दुकानदारांनी काढला. जुन्या वितळवून त्यांच्या नव्या करतात म्हणे. एका बाजारच्या दिवशी अंबाजीनं झुंबरबाईला हाक मारून सांगितलं, “मावशी, तुझी थाळी ग्येली बघ परत. लय झिजली व्हती. आता तिच्यात दुसरं कुनीतरी गाईल.”

ती मीठ घ्यायला आली होती. मीठ न घेताच नाण्याला गेली. रतनबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. झुंबरबाई धापा टाकत पायरीवर बसली आणि सांगितलं. रतनबाईचं सूप थांबलं नाही. कोंडा उडून दोघींच्या मधे पडत होता.

“मंजी आता कामशेतात वाजायची न्हाई?”

“न्हाई. वितळवली.”

“बरं झालं.” रतनबाईनं तांदूळ एका बाजूला केले, खडे दुसऱ्या. मग ती म्हणाली, “कडवी तर मी कवाच इसरले. त्ये हसू तेवढं ऱ्हायलंय.”

 झुंबरबाईनं पुढं सरकून सुपाची दुसरी कड धरली, आणि रतनबाईनं ती धरू दिली.